पेडल स्टील गिटार: लिव्हर सोडल्यावर तार जागेवर परत येत नाही (ई९, दहा तारा)

निषाद_ह्यूस्टन

नमस्कार मंडळी,

सतार, सारंगी, हार्मोनियम यांच्या दुरुस्तीवर इथे चांगले धागे आहेत. पेडल स्टीलवर शोधून एकही सापडला नाही, म्हणून नवा काढतो आहे.

ज्यांनी हे वाद्य पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गिटार चार पायांवर आडवी ठेवलेली असते आणि वादक तिच्यामागे बसतो. डाव्या हातात स्टीलचा जड बार, उजव्या हातात नख्या. पायाने पेडल दाबले की ठरावीक तारा चढतात. गुडघ्याने लिव्हर ढकलला की काही चढतात, काही उतरतात, आणि बाकीच्या जागच्या जागी राहतात. एक सूर स्थिर आणि शेजारचा सरकतो आहे, हा जो कंट्री संगीतातला व्याकूळ आवाज आहे, तो यातून येतो.

माझी गिटार जुनी आहे, एका गळ्याची. तीन पेडल (त्यांना ए, बी, सी म्हणतात, ही सुरांची नावे नव्हेत), चार लिव्हर. ट्यूनिंग नेहमीचे नॅशव्हिल ई९, पहिल्या तारेपासून दहावीपर्यंत: एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. इकडे टेक्सासात दुरुस्ती करणारे जाणकार आहेत, पण मोजके, आणि त्यांच्याकडे रांग मोठी. मला हे काम स्वतः शिकायचे आहे.

तक्रारी तीन. डाव्या गुडघ्याने उजवीकडे ढकलायच्या लिव्हरने चौथी आणि आठवी तार ई वरून डी शार्पवर उतरते. लिव्हर सोडला की दोन्ही परत येतात, पण पूर्ण येत नाहीत. ट्यूनरवर चौथी पाच-सहा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेली दिसते, आठवी कधी आठ, कधी बारा. दुसरी तक्रार पाचव्या तारेची. ए पेडलने ती बी वरून सी शार्पवर चढते, आणि पेडल सोडल्यावर तीही किंचित उतरलेली राहते. तिसरी तक्रार मला सगळ्यात अनाकलनीय वाटते: ए पेडल दाबून धरले की सहावी तार उतरते. त्या पेडलचा सहाव्या तारेशी काहीही संबंध नाही!

तारा नव्या आहेत. खुंट्या घट्ट आहेत. सुरुवात कुठून करू?

---

तारतम्य

निषाद, अजून कुठल्याही खुंटीला किंवा नटला हात लावू नका. तुम्ही लक्षणे नीट लिहिली आहेत, त्यामुळे अर्धे निदान झालेच आहे.

आधी चेंजर समजून घेऊ, कारण सगळा खेळ तिथे आहे. उजव्या टोकाला अॅल्युमिनियमच्या फिंगरांचा गठ्ठा असतो. प्रत्येक तारेला दोन फिंगर. एक चढवण्याचे, ज्याच्या गोल माथ्यावरून तार वळून खाली अडकते. दुसरे उतरवण्याचे, पहिल्याला रिव्हेटने जोडलेले. दोन्ही कात्रीच्या पात्यांसारखी एकमेकांशी फिरतात. पेडल दाबले की पुल-रॉड चढवण्याच्या फिंगरला ओढतो आणि तार ताणली जाते. उतरवायचे असेल तर दुसरा रॉड उतरवण्याच्या फिंगरला त्याच्या स्टॉपवरून दूर नेतो, चढवण्याचे फिंगर तारेच्या ओढीने पुढे झुकते आणि तार सैल पडते. लिव्हर सोडल्यावर त्या फिंगरला परत स्टॉपवर टेकवण्याचे काम एक स्प्रिंग करते.

म्हणजे मोकळ्या तारेचा सूर खुंटीने ठरतो, पण तेव्हाच, जेव्हा दोन्ही फिंगर आपापल्या स्टॉपवर टेकलेली असतील. पेडल-लिव्हरचे सूर रॉडच्या टोकाच्या नायलॉन नटने ठरतात. ही दोन कामे वेगळी राहिली पाहिजेत. जुन्या गिटारींतल्या बहुतेक तक्रारी या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात: फिंगर स्टॉपवर परत पोचते आहे की नाही?

आता निदान. तार कोणत्या हालचालीनंतर कोणत्या बाजूला चुकते ते पाहायचे.

उतरवून सोडल्यावर तार उतरलेलीच राहिली, तर फिंगर परत पोचलेले नाही. चढवून सोडल्यावर तार चढलेली राहिली, तरी कारण तेच. पण चढवून सोडल्यावर तार *उतरलेली* आढळली, तर चेंजर बहुधा निर्दोष आहे आणि दोष दुसऱ्या टोकाला, खुंट्यांजवळ तारा ज्यावरून जातात त्या नटच्या रोलरपाशी आहे (हा नट वेगळा, वरचा नायलॉन नट वेगळा). पेडलने तार ओढली जाते तेव्हा रोलरच्या पलीकडचा, खुंटीकडचा थोडा भाग वाजणाऱ्या लांबीत सरकून येतो. सोडल्यावर तो परत गेला पाहिजे. रोलर अडकत असेल तर तो इकडेच राहतो आणि सूर खाली बसतो. उतरवण्याच्या बाबतीत अडकलेला रोलर उलट वागतो, तार चढलेली ठेवतो.

म्हणून चौथी आणि आठवी हा चेंजरचा रोग, पाचवी हा रोलरचा. सहावीचा प्रश्न तिसराच आहे, तो शेवटी.

आठवीपासून सुरू करा. उतरवण्याच्या रॉडचे नायलॉन नट दोन-तीन फेऱ्या सैल सोडा, लिव्हरला हात न लावता, आणि मोकळ्या तारेचा सूर पाहा. सूर वर गेला तर याचा अर्थ नट इतके आवळलेले होते की ते फिंगरला स्टॉपवर बसूच देत नव्हते. सूर जागचा हलला नाही तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ते फिंगर हलकेच स्टॉपकडे दाबा. आता वर गेला? मग स्प्रिंग कमजोर आहे किंवा चेंजरमध्ये चिकटा साचला आहे.

---

सानिका_क

वाचनखूण साठवली! मी बंगळुरूत आहे, लॅप स्टील (मांडीवर ठेवून वाजवायची, पेडल नसलेली गिटार) वाजवते, आणि पेडल स्टील अमेरिकेतून आणायचा विचार चालू आहे. असे प्रश्न आले तर इथे कोणाकडे जाणार, याच भीतीने थांबले आहे.

---

मंद्रसप्तक

छान धागा. आमच्या घरात हवाईयन गिटार होती. वडील हजारा सिंग आणि व्हॅन शिप्ले यांच्या तबकड्या ऐकून फिल्मी चाली बसवायचे. त्यामुळे बार आणि नख्या ओळखीच्या आहेत, पेडल मात्र नाही.

एक गोष्ट नेहमी वाटते. आपल्याकडे आडव्या गिटारीने मींड घ्यायची म्हणजे बार सरकवायचा, सगळ्या तारा एकत्र सरकतात. १९५४ साली गाजलेल्या, कंट्री गायक वेब पिअर्सच्या गाण्यात स्टीलवादक बड आयझॅक्सने तार छेडून झाल्यावर, ती वाजत असताना पेडल दाबले, आणि एका स्वरमेळातले दोनच सूर चढले. त्याआधीही पेडल होती, पण ती ट्यूनिंग बदलायला वापरत. त्या एका गाण्यानंतर सगळ्या स्टीलवादकांना पेडल हवी झाली. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टीलवादक बडी एमन्सने ई९ मध्ये वरच्या दोन तारा घातल्या, एफ शार्प आणि डी शार्प, ज्या निषाद यांच्या यादीत पहिल्या-दुसऱ्या आहेत. त्यामुळे हे ट्यूनिंग वाचताना सूर चढत्या क्रमाने लागत नाहीत. पहिल्या दोन तारा तिसरीपेक्षा खालच्या आहेत.

तेव्हा हा सगळा लोखंडी संसार एका मींडेसाठी उभा राहिला आहे. दुरुस्ती करताना ते ध्यानात ठेवावे. मीटरवर सूर आला पण मींड खडबडली, तर उपयोग नाही.

---

खटपटे_काका

टूलरूममध्ये आयुष्य गेले, चिंचवडला. वाद्यातले काही कळत नाही, पण फोटो आणि आकृत्या शोधून पाहिल्या. यंत्र फार सुंदर आहे. तारतम्य यांनी स्टॉपबद्दल लिहिले ते कुठल्याही मशीनला लागू. भाग जर दर वेळी एकाच जागी परत येत नसेल तर पुढची सगळी सेटिंग व्यर्थ.

चिकट्याबद्दल. जुने तेल सुकले की लाखेसारखे होते. नवीन तेल वरून ओतले तर ते मऊ होऊन अजून आत जाते, धूळ धरते, आणि काही महिन्यांनी आधीपेक्षा वाईट. आधी धुवायचे, मग तेल. धुण्यासाठी घड्याळजी वापरतात ते पांढरे पेट्रोल, तिकडे लायटर फ्लुइड. खिडक्या उघड्या, जवळपास ज्योत नको, शेगडी नको, अँप्लिफायर बंद. थिनर बिलकूल नको, लॅकर उतरेल. गंज सोडवायचे स्प्रे मिळतात तेही चेंजरमध्ये नकोत, मागे थर सोडतात.

तेल शिलाई मशीनचे. सुईच्या टोकावर जेवढे राहील तेवढे, प्रत्येक सांध्याला. ग्रीस नको.

आणि निषाद, काही सोडवण्याआधी फोटो काढा, प्रत्येक रॉड कुठल्या भोकात आहे ते दिसेल असे.

---

निषाद_ह्यूस्टन

तारतम्य, काका, मनापासून आभार.

आठवीचे नट सैल केले आणि मोकळी तार लगेच ११ सेंट वर गेली. म्हणजे आधीच्या मालकाने नट आवळून ठेवले होते आणि वरून खुंटीने सूर जुळवला होता. चौथीचे नट सैल केले तर काहीच फरक नाही. पण स्क्रूड्रायव्हरने फिंगर दाबल्यावर ती पाच सेंट वर आली, आणि बोट काढल्यावर तिथेच राहिली! म्हणजे एकाच लिव्हरच्या दोन तारा, दोन वेगळी कारणे.

पुढे काय? चेंजर बाहेर काढावा लागेल का?

---

तारतम्य

नाही, काढू नका. चेंजर काढणे म्हणजे सगळे रॉड आणि स्प्रिंग सोडवणे, ते अगदी शेवटचे.

फिंगर दाबल्यावर तिथेच राहते, म्हणजे स्प्रिंग त्याला धरून ठेवू शकते, फक्त शेवटचा टप्पा ढकलू शकत नाही. हा चिकट्याचा नमुना आहे. स्प्रिंग हरलेली असती तर बोट काढताच सूर पुन्हा खाली आला असता. काकांच्या पद्धतीने धुवा. तारा सैल करा, गिटार तिच्याच केसमध्ये उलटी ठेवा, खाली मऊ कापड. लायटर फ्लुइड दहाही तारांच्या फिंगरांमधल्या फटींत सोडा आणि प्रत्येक फिंगर हाताने पुढे-मागे चालवा. काळे पाणी गळेल. स्वच्छ गळू लागेपर्यंत करत राहा. पूर्ण वाळू द्या. मग तेलाचा थेंब.

त्याच बैठकीत रोलरही पाहा. दहाही रोलर बोटाने फिरतात का? पाचवीचा बहुधा फिरत नसेल. अक्षाला तेल, आणि ज्या खोबणीत तार बसते ती स्वच्छ कोरडी.

सगळे परत जोडल्यावर जुळवण्याचा क्रम असा ठेवा. आधी सगळी नायलॉन नट इतकी सैल की पेडल दाबले तरी सूर पुरा चढत नाही. मग खुंट्यांनी दहाही मोकळ्या तारा. मग एकेक पेडल पूर्ण दाबून, थांब्यापर्यंत, नटने सूर वर आणायचा. मग लिव्हर. नट आत फिरवले की चढवणारा रॉड जास्त चढवतो आणि उतरवणारा जास्त उतरवतो, दोन्हीकडे दिशा तीच. शेवटी प्रत्येक रॉड बोटांनी हलवून पाहा. नट आणि फिंगर यांच्यात जरा जरी खुळखुळ असेल तर ठीक. ताठ असेल तर नट फिंगरला धरून बसले आहे. मग त्या पेडलचा स्टॉप-स्क्रू सोडून प्रवास वाढवायचा आणि नट मागे घ्यायचे.

रिटर्न स्प्रिंगबद्दल एक इशारा. चौथी तार चढतेही, एका लिव्हरने एफ वर आणि सी पेडलने एफ शार्पवर. स्प्रिंग ढिली असेल तर चढवताना उतरवण्याचे फिंगर स्टॉप सोडून ओढले जाते आणि सूर अर्ध्यात अडतो. म्हणून सी पेडल दाबून त्या फिंगरकडे पाहा. हलता कामा नये. न हलण्याइतकीच स्प्रिंग ताणायची, त्याहून जास्त ताणली तर लिव्हर विनाकारण जड होतो आणि रात्रभर वाजवल्यावर गुडघा दुखतो.

---

गंधाली_प

सहाव्या तारेचे कोडे मला खूप आवडले, म्हणून हिशेब मांडला. मी वादक नाही, मटेरियल्समध्ये काम करते.

ए पेडलने पाचवी आणि दहावी ताणली जाते. दोन्हींची ओढ वाढली की गिटारचे लाकडी शरीर किंचित वाकते आणि चेंजर व खुंट्यांकडचा रोलरचा नट एकमेकांच्या जवळ येतात. मग *न चढवलेल्या* सगळ्याच तारा सैल पडतात. प्रश्न हा की सहावीच का एवढी दिसते.

साध्या, वेटोळे नसलेल्या तारेतला ताण, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला येणारा भार, फक्त लांबी आणि सुराच्या उंचीवर ठरतो. जाडीचा संबंध येत नाही! लांबी २४ इंचांच्या थोडी वर धरली तर तिसऱ्या तारेत, ०.०११ इंची जी शार्प, हा ताण जवळजवळ २ गिगापास्कल येतो. सहावी तोच सूर एक सप्तक खाली. वारंवारता निम्मी, म्हणून ताण चौथाई, साधारण अर्धा गिगापास्कल. आधीच कमी ताणलेल्या तारेची लांबी तेवढ्याच अंतराने बदलली तर सूर चौपट हलतो. ढोबळ आकडे: शरीर फक्त ०.०१ मिलिमीटर आखडले तर सहावी सुमारे ५ सेंट उतरते, चौथी २ च्या आसपास, तिसरी दीडसुद्धा नाही.

म्हणजे तुमच्या गिटारीत बिघाड नाही. एखाद्या शतांश मिलिमीटरची लवचीकता प्रत्येक लाकडी वाद्यात असणार.

याच हिशेबातून दुसरीही गोष्ट दिसते. बी पेडलने तिसरी आणि सहावी दोन्ही जी शार्पवरून ए वर जातात. त्यासाठी तिसरी पाऊण मिलिमीटरहून जास्त ओढावी लागते आणि सहावी जेमतेम ०.२. एकाच पेडलच्या एकाच प्रवासात! हे साधतात कसे?

---

तारतम्य

गंधालीताई, तुमच्या हिशेबाने माझ्या कित्येक वर्षांच्या निरीक्षणाला कारण मिळाले. या सैल पडण्याला स्टीलवादक कॅबिनेट ड्रॉप म्हणतात, आणि सहावीवरच ते सगळ्यात आधी ऐकू येते.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर बेलक्रँक. गिटारच्या पोटात आडव्या शाफ्टवर छोटे क्रँक बसवलेले असतात, त्यांना वेगवेगळ्या अंतरावर भोके किंवा खाचा असतात. शाफ्टपासून लांबच्या भोकात रॉड अडकवला की तो जास्त सरकतो. चेंजरच्या फिंगरलाही दोन-तीन भोके असतात. फिंगरच्या अक्षाजवळच्या भोकात ओढले तर तेवढ्याच सरकण्यात सूर जास्त बदलतो, पण जोर जास्त लागतो. म्हणून तिसरी तार बेलक्रँकच्या लांबच्या भोकातून चेंजरच्या जवळच्या भोकात, आणि सहावी बरोबर उलट.

हे चुकीचे जोडलेले असेल तर ऐकून कळते. बी पेडल अगदी सावकाश दाबा. दोन्ही तारा एकदम निघाल्या पाहिजेत आणि एकदम पोचल्या पाहिजेत. सहावीचा रॉड जास्त प्रवासाच्या भोकात असेल तर तिचा सूर जमवण्यासाठी नट खूप सैल ठेवावे लागते, मग तिसरी निघून जाते आणि सहावी मागून धावत येते. थांब्यावर दोन्ही सुरात असतात, मीटर खूश, आणि मधली मींड मात्र फुटलेली. मंद्रसप्तक यांनी म्हटले ते हेच.

एक ठिकाण असे आहे जिथे तारा मुद्दाम वेगवेगळ्या वेळी निघायला हव्यात. उजव्या गुडघ्याच्या लिव्हरने दुसरी तार डी शार्पवरून डी, आणि पुढे सी शार्पपर्यंत उतरते. नववी डी वरून सी शार्प होते. नववीचा रॉड असा जुळवायचा की दुसरी नेमकी डी वर आली की नववी ओढली जायला लागेल. गुडघ्याला तिथे एकदम वजन जाणवते. त्याला हाफ-स्टॉप म्हणतात. तो धूसर असेल तर डी कधीच नेमका लागत नाही.

---

खटपटे_काका

सहावी तार वेटोळ्याची लावली तर ड्रॉप कमी व्हायला हवा. वेटोळ्याच्या तारेत आतली गाभ्याची तार बारीक, तिच्यावर ताण जास्त. बरोबर ना ताई?

---

गंधाली_प

अगदी बरोबर, काका. सूर कमी हलेल. पण मग पेडलने चढवायलाही जास्त ओढावे लागेल, दोन्ही एकाच नाण्याच्या बाजू.

---

तारतम्य

त्यावर स्टीलवादकांत कायमचे दोन तट आहेत. ०.०२० साधी की ०.०२२ वेटोळ्याची. माझे मत साधीकडे आहे. अनेकजण सहावी लिव्हरने जी शार्पवरून एफ शार्पपर्यंत, अख्खा स्वर, उतरवतात. वेटोळ्याची तार तेवढी उतरवायला चेंजरचा प्रवास कधी कधी पुरतच नाही. निषाद, तुमच्याकडे तो लिव्हर नसेल तर वेटोळ्याची लावून पाहायला हरकत नाही, पण मग बी पेडलचा सहावीचा रॉड दुसऱ्या भोकात हलवावा लागेल, हे धरून चाला.

त्याआधी एवढे करा: एन्डप्लेट (टोकाची धातूची पट्टी), कीहेड (खुंट्या बसतात तो भाग) आणि चेंजर धरणारे सगळे स्क्रू तपासा. जुन्या गिटारीत ते लाकूड सुकल्याने सैल पडतात आणि ड्रॉप उगाच वाढतो.

---

मंद्रसप्तक

आता सुराबद्दल विचारतो. मीटरवर प्रत्येक तार शून्यावर आणता का? मला ते पटत नाही. ई, जी शार्प, बी हा सरळ षड्ज-गांधार-पंचम आहे. मीटरचा गांधार तंबोऱ्यातून स्वयंभू निघणाऱ्या गांधारापेक्षा बराच चढा. फ्रेट नसलेल्या वाद्यावर तो का सोसायचा?

---

तारतम्य

कोणी सोसत नाही! तुमचा कान बरोबर सांगतो आहे. शुद्ध गांधार ३८६ सेंटवर, मीटरचा ४०० वर. म्हणून ई शून्यावर धरून जी शार्प साधारण १४ सेंट खाली ठेवतात. ए आणि बी पेडल एकत्र दाबली की ए चा स्वरमेळ होतो, त्यात सी शार्प गांधार, तोही तसाच खाली. आणि मग गंमत पाहा: ए पेडल आणि ई ला एफ करणारा लिव्हर एकत्र घेतले की षड्ज सी शार्प होतो, जो आधीच १४ खाली आहे, आणि एफ त्याचा गांधार. तो मीटरवर जवळजवळ २८ सेंट खाली दिसतो, आणि कानाला अगदी स्वच्छ लागतो.

पण बास आणि पियानो समान अंतराच्या सुरांत वाजत असतात. त्यांच्याबरोबर बसायचे तर पूर्ण शुद्ध ठेवले की खाली वाटते. म्हणून बरेचजण ई च थोडा चढा ठेवतात, म्हणजे बाकीचे सूर मधे कुठेतरी बसतात. तडजोड प्रत्येकाची वेगळी. जुळवायचे कानाने. मीटर मी निदानासाठी वापरतो, आधी-नंतरचा फरक पाहायला.

---

निषाद_ह्यूस्टन

काम झाले, सविस्तर लिहितो.

चेंजर धुतला. पहिल्या खेपेला चहाच्या रंगाचे पाणी, शेवटी स्वच्छ. चौथीचे फिंगर आता लिव्हर सोडताच टक्‌ आवाज करून स्टॉपवर बसते, आधी हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. पाचवीचा रोलर खरोखरच जाम होता, जुन्या तेलाचा काळा कडक थर. तो आता मोकळा फिरतो. आठवीसाठी लिव्हरचा स्टॉप-स्क्रू थोडा सोडून नट मागे घेतले.

आकडे: चौथी आणि आठवी लिव्हरनंतर एका सेंटच्या आत परत येतात. पाचवी दीड-दोन सेंट. सहावीचा ड्रॉप आधी ९ होता. कीहेडचे दोन स्क्रू चक्क अर्धी-अर्धी फेरी बसले, आता ६ आहे. तो मी स्वीकारतो, सहावी एक-दोन सेंट चढी ठेवून.

बी पेडलची मींड सावकाश दाबून ऐकली. दोन्ही तारा एकत्र निघतात. भोके कुणीतरी जाणत्याने निवडली होती.

आता एकच राहिले आहे: तिसरी तार सारखी तुटते, नेहमी चेंजरच्या माथ्यावरच. ०.०१२ लावू का?

---

गंधाली_प

वर लिहिले तेच इथेही: त्याच लांबीवर, त्याच सुरात जाड तारेतला ताण तेवढाच राहतो. ए पर्यंत चढवल्यावर तो २.३ गिगापास्कलच्या आसपास जातो, म्हणजे चांगल्या पियानो-वायरच्याही मर्यादेच्या जवळ. जाड तार लावून सुटका नाही. उलट माथ्याच्या वळणावर जाड तारेला वाकण्याचा ताण जास्त.

---

तारतम्य

०.०११ च ठेवा. माथ्यावर तारेने खोबण पाडली आहे का ते भिंगातून पाहा. असेल तर खूप बारीक पॉलिश पेपरने तारेच्या दिशेने घासून गुळगुळीत करा, वळणाचा गोलपणा न बदलता. मग तिथे तेलाचा अगदी पुसट हात. आणि तिसरी तुटायची वाट न पाहता ठरावीक काळाने आधीच बदला, सुट्या तारांचे पाकीट केसमध्ये असू द्या. कार्यक्रमात सगळ्यांची हीच तार आधी जाते.

---

सानिका_क

इतके वाचल्यावर धीर आला आहे. भारतात आणायचे तर आणखी कशाची तजवीज करावी?

---

तारतम्य

गिटारला वीज लागत नाही, पिकअप चुंबकाचा. पण अमेरिकन अँप्लिफायर १२० व्होल्टवर चालतो, तो तिकडे २३० ला थेट लावू नका, पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या किंवा अँप तिकडेच घ्या. व्हॉल्यूम पेडलमधला पॉट (आवाज कमी-जास्त करणारा फिरता रोध) झिजतो आणि खरखरतो. ५०० किलोओह्मचा, ऑडिओ टेपरचा एक जास्तीचा जवळ ठेवा. ज्या पेडलमध्ये दोरी पॉट फिरवते, तिची दोरीही तुटते, तीही ठेवा. तारा सुट्या, ०.०११ आणि ०.०१४ जास्त. नायलॉन नट आणि त्यांची किल्ली. किल्ली बहुतेक वेळा ३/१६ इंची असते, तिच्याजागी ५ मिलिमीटरची ढिली बसते आणि नटचे कोपरे खाते.

आणि पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेल. चेंजरच्या अॅल्युमिनियमला काही होणार नाही, रॉडची आणि तारांची काळजी घ्यायची.

---

खटपटे_काका

नायलॉनची नट इथे लेथवर करून देता येतील. मात्र आटे पाहावे लागतील. बऱ्याच अमेरिकन गिटारींत रॉड १/८ इंची आणि आटे ५-४०, म्हणजे इंचाला चाळीस. हा टॅप आपल्या बाजारात सहज मिळत नाही. जवळचा म्हणून एम-३ चालवायला जाऊ नका, पिच ०.६३५ विरुद्ध ०.५, चार आट्यांत अडकेल. सानिका, गिटार आली की एक जुने नट आणि रॉडचे टोक कुरिअरने पाठव. टॅप मी मागवून ठेवतो.

निषाद, तुमच्या रॉडच्या आट्यांचे माप घेऊन इथे टाकाल का? एक पूर्ण फेरी म्हणजे रॉड किती सरकतो ते त्यावरून कळेल, आणि गंधालीला पाव फेरीला किती सेंट याचा हिशेब करता येईल.

---

निषाद_ह्यूस्टन

घेतले. ५-४० च आहेत, दहाही तारांचे. बी पेडलच्या तिसऱ्या आणि सहाव्या तारेचे रॉड कुठल्या भोकात आहेत त्याची मापेही शाफ्टपासून घेतो आणि उद्या टाकतो.